चिचुंद्रीचे जठर आणि आपले

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात तळमजल्यावर राहणाऱ्या घरांना चिचुंद्रीची ओळख करून द्यावी लागत नाही. नौपाड्यातल्या जुन्या चाळी, कल्याणात पारनाक्याच्या आसपासचे उरलेसुरले वाडे, डोंबिवलीत टिळकनगरच्या जुन्या इमारती, सगळीकडे ती आहे. रात्री स्वयंपाकघरातला दिवा गेला की मोरीच्या जाळीतून ती आत येते, भिंतीची कड न सोडता चालते, लांब सोंड सारखी हलवत हुंगत राहते आणि कुणाची चाहूल लागली की चिकचिक करत ओट्याखाली शिरते. तिच्या कुशीतल्या ग्रंथींचा उग्र वास मागे राहतो. पावसाळ्यात कधी आईच्या शेपटीच्या बुडाला तोंडाने धरलेले पिल्लू, त्याला धरलेले दुसरे, त्याला तिसरे, अशी सगळी रांग भिंतीकडेने जाताना दिसते. बहुतेक घरांत तिला उंदरांत जमा करतात आणि उंदरांसाठी ठेवलेली विषाची वडी तिलाही लागू होते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही सरळ चूक आहे. उंदराचे पुढचे दात कुरतडण्याचे, जन्मभर वाढणारे. चिचुंद्रीचे दात कीटकाचे कवच फोडणारे, टोकदार. ती धान्य फस्त करायला येत नाही, झुरळे खायला येते. तिचे कूळ इंग्रजीत ज्यांना श्रू म्हणतात त्यांचे आहे आणि शास्त्रीय नाव सुंकस मुरिनस. पुढच्या पानांत या प्राण्याच्या जठराविषयी बरेच काही येणार आहे. त्याचे कारण इतकेच की उपाशी असताना जठर कसे हलते, याचा या पन्नास-शंभर ग्रॅमच्या जिवाचा आलेख माणसाच्या आलेखाशी जुळतो, आणि ज्या प्रयोगशाळेतल्या उंदरावर आपण जन्मभर विसंबलो त्याचा जुळत नाही. प्रयोगासाठी निवडलेला प्राणी हा मिळणाऱ्या उत्तराचा भाग असतो, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे, आणि जठराच्या आकुंचनाइतके ते दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसते.

आधी मूळ गोष्ट समजून घ्यावी लागेल. जेवल्यावर जठराचा वरचा भाग सैल पडून अन्नाला जागा करतो आणि खालचा भाग ते घुसळतो, बारीक करतो, थोडे थोडे लहान आतड्यात सोडतो. या घुसळण्याची लय जठराच्या भिंतीतल्या काहाल पेशी ठरवतात. माणसात ती मिनिटाला साधारण तीन लाटांची असते. लाट आली म्हणजे जोरदार आकुंचन झालेच असे नाही. त्या लाटेवर स्वार होऊन स्नायू किती जोराने आवळायचा, हे मज्जातंतू आणि संप्रेरके ठरवतात. इथपर्यंतचे वर्णन शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत असते. जे सहसा नसते ते उपाशी जठराचे. पोट रिकामे झाल्यावर जठर स्वस्थ बसत नाही. काही काळ ते जवळजवळ निश्चल असते, हा पहिला टप्पा. मग अधूनमधून, जोर कमी-जास्त असलेली आकुंचने सुरू होतात, हा दुसरा. शेवटी काही मिनिटे अतिशय जोरकस, नियमित आकुंचनांची माळ लागते, ती जठरातून निघून लहान आतड्यात खाली खाली सरकते, आणि पुन्हा शांतता होते. माणसात आणि कुत्र्यात हे आवर्तन दीड ते दोन तासांचे असते. तिसऱ्या टप्प्याला शरीरशास्त्रज्ञ आतड्याची झाडलोट म्हणतात आणि हे नाव त्याला शोभते, कारण न पचलेले मोठे कण, सालपटे, तंतू जेवणानंतर जठरातच मागे राहतात आणि याच टप्प्यात बाहेर ढकलले जातात. १९७७ साली व्हानट्रापेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या रुग्णांत हा टप्पा होत नाही त्यांच्या लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ आढळते. चतुर्थीच्या दिवशी चंद्रोदयाची वाट पाहताना पोटात कावळे ओरडतात ते बहुधा याच टप्प्यात. बेल्जियममधल्या यान टॅक यांच्या गटाने अलीकडच्या काळात माणसांत दाखवून दिले आहे की जठरात सुरू होणाऱ्या या तिसऱ्या टप्प्याचा आणि भूक लागल्याच्या जाणिवेचा थेट संबंध आहे.

आता हा सगळा कारभार चालवतो कोण, या प्रश्नावर शंभर वर्षे दोन पक्ष होते. उपाशी जठराच्या ठरावीक वेळाने येणाऱ्या हालचाली विसाव्या शतकाच्या आरंभी पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत बोल्दिरेव यांनी कुत्र्यांत नोंदवल्या. पावलोव्ह यांच्या घराण्यातली कोणतीही गोष्ट मज्जातंतूंच्या हिशेबात मांडली जाणार हे ओघानेच आले. त्या पक्षाला पुरावाही भक्कम होता. मेंदूतून छाती-पोटात उतरणारी व्हेगस नस कापली तर जठर लुळे पडते. १९४३ मध्ये शिकागोत ड्रॅगस्टेड यांनी अल्सरवर उपाय म्हणून ही शस्त्रक्रिया सुरू केली तेव्हा आम्ल कमी झाले, पण अन्न जठरात साचू लागले. मग जठराचे खालचे तोंड रुंद करण्याची दुसरी शस्त्रक्रिया जोडीला घ्यावी लागली. दुसऱ्या पक्षाचा पुरावा १९६६ चा. जॉन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या जठराचा एक भाग बाहेरच्या मज्जातंतूंपासून तोडून वेगळा केला आणि लहान आतड्याच्या पहिल्या भागात अल्कली सोडली. नसा तुटलेला तो तुकडा तरीही जोराने आकुंचन पावला. मज्जातंतूचा रस्ता बंद असताना संदेश पोचला तो रक्तातूनच पोचला असणार. पुढच्या काही वर्षांत ब्राउन यांनी डुकराच्या आतड्यातून तो पदार्थ शुद्ध केला. २२ अमिनो आम्लांची ती छोटी साखळी म्हणजे मोटिलिन. मग जपानमध्ये झेन इतोह यांनी कुत्र्यात दाखवले की रक्तातले मोटिलिन वाढते तेव्हाच तिसरा टप्पा येतो आणि बाहेरून मोटिलिन दिले तर तो आणवताही येतो. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा यांना उंदराच्या जठरात २८ अमिनो आम्लांचे घ्रेलिन सापडले. ते मोटिलिनचे जवळचे नातलग निघाले. दोघांचे ग्राहक रेणूही एकाच घराण्यातले. संप्रेरकांच्या पक्षाला यामुळे मोठे बळ आले.

आणि इथेच गाडी अडली. कारण पेशींच्या आत, जनुकांच्या पातळीवर हा प्रश्न सोडवायचा तर लहान, स्वस्त, भरभर वाढणारा प्राणी हवा. आणि तो म्हणजे उंदीर, हे जगभरच्या प्रयोगशाळांनी कधीच गृहीत धरले होते. रॅट आणि माउस या दोन्ही उंदरांत मोटिलिनचे जनुक निकामी आहे, त्याच्या ग्राहकाचेही. उंदराच्या लहान आतड्यातही उपाशीपोटीची आवर्तने असतात, पण ती पंधराएक मिनिटांनी येतात आणि घ्रेलिन व मज्जातंतू यांच्या भरवशावर चालतात. म्हणजे ज्या प्राण्याला आपण माणसाच्या जठराविषयी विचारत होतो त्याच्याकडे कारभारातला एक मुख्य सभासद नव्हताच. त्याच्यावरचे प्रयोग चुकीचे नव्हते. ते उंदराविषयी बरोबर होते. त्यांच्यावरून माणसाविषयी काढलेली अनुमाने मात्र तपासून घ्यायला हवी होती.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो हलका नाही. उत्क्रांतीच्या वृक्षावर उंदीर माणसाला चिचुंद्रीपेक्षा जवळचा आहे. उंदीर, ससा, माकड आणि माणूस एका मोठ्या फांदीवर बसतात; चिचुंद्री, कुत्रा, घोडा, वटवाघूळ दुसऱ्या. मग जवळच्याला सोडून लांबच्याला साक्षीला का बोलवायचे? उत्तर असे की नाते जवळचे असले म्हणजे प्रत्येक अवयवाचे काम सारखे राहिले असे होत नाही. मोटिलिन कोंबडीतही आहे. म्हणजे पक्षी आणि सस्तन प्राणी वेगळे होण्याच्या आधीपासून ते चालत आले आहे. माणसाने ते राखले, कुत्र्याने राखले, चिचुंद्रीने राखले. उंदरांच्या वंशात ते गमावले गेले. जुनी ठेव दोन दूरच्या चुलत घरांत शाबूत असेल आणि सख्ख्या भावाने ती हरवली असेल, तर ठेवीची चौकशी कुणाकडे करायची हे उघड आहे. उंदराने आणखीही एक गोष्ट गमावली आहे: त्याला उलटी होत नाही. चिचुंद्रीला होते, इतकी सहज की हलक्या झोक्यांनीही तिला गाडी लागते. म्हणूनच १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी उलटीच्या अभ्यासासाठी तिला प्रयोगशाळेत आणले. जठराच्या आकुंचनाचे काम त्यानंतर, जपानमध्येच, सुरू झाले.

ते काम जपानच्या सैतामा विद्यापीठात ताकाफुमी साकाई आणि इचिरो साकाता यांच्या गटाने केले, आणि त्यातली चिचुंद्री मूळची आपल्याच उपखंडातली, काठमांडूहून नेलेल्या जंगली जोड्यांची वंशज. प्रयोगाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. भूल देऊन पोट उघडतात आणि जठराच्या खालच्या भागावर, बाहेरच्या बाजूने, ताण मोजणारी चिमुकली पट्टी टाके घालून बसवतात. तिची तार कातडीखालून मानेकडे नेऊन बाहेर काढतात. जखम भरली की प्राणी शुद्धीवर, आपल्या पिंजऱ्यात मोकळा फिरत, खात-पीत, झोपत असतो आणि जठराचे प्रत्येक आवळणे पडद्यावर रेघ उमटवते. हे महत्त्वाचे आहे, कारण भूल दिलेल्या प्राण्याचे जठर काही खरे सांगत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या रेघांत शांत टप्पा, अनियमित टप्पा, जोरकस टप्पा, तिन्ही स्पष्ट दिसले, आणि आवर्तनाचा काळही माणसाच्या जवळपासचा. खाऊ घातले की आवर्तन मोडले. बाहेरून मोटिलिन दिले की तिसऱ्या टप्प्यासारखी आकुंचने आली.

पण खरी मोलाची गोष्ट पुढची. २०१२ मध्ये याच गटाने दाखवले की घ्रेलिन आणि मोटिलिन आपसांत काम वाटून घेतात: दुसऱ्या टप्प्यावर घ्रेलिनचा प्रभाव, तिसऱ्यावर मोटिलिनचा. २०१३ मध्ये त्यांनी व्हेगस नस कापलेल्या चिचुंद्रीची नोंद घेतली. ड्रॅगस्टेड यांच्या रुग्णांकडे पाहून वाटावे की आता सगळेच थांबेल. तसे झाले नाही. तिसरा टप्पा येत राहिला, मोटिलिनला जठर उत्तर देत राहिले. लुळा पडला तो दुसरा टप्पा, आणि घ्रेलिनची दुसऱ्या टप्प्यातली आकुंचने वाढवण्याची ताकदही गेली. म्हणजे घ्रेलिनचा हुकूम व्हेगसच्या रस्त्याने जातो, मोटिलिनचा त्याच्यावाचूनही पोचतो. मग मोटिलिन थेट स्नायूलाच सांगते काय? २०१५ च्या कामाने याचे उत्तर दिले, आणि ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर उत्तर वाटते. घ्रेलिनचा ग्राहक अडवून ठेवला तर एकटे मोटिलिन जठराला आवळवू शकत नाही. कारण जठराच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये जे मज्जापेशींचे जाळे आहे, ते गाबा नावाच्या द्रव्याने शांत टप्प्यात लगाम ओढून धरते. घ्रेलिन तो लगाम सैल करते आणि मगच मोटिलिनला काम करता येते.

हे पुढ्यात ठेवल्यावर 'मज्जातंतू की संप्रेरक' हा शंभर वर्षांचा प्रश्नच चुकीचा मांडलेला होता असे म्हणावे लागते. ब्राउन यांचा तुटलेला तुकडा आकुंचन पावला तेव्हा बाहेरची नस नव्हती हे खरे, पण भिंतीतले स्वतःचे मज्जाजाळे तिथेच होते. ड्रॅगस्टेड यांच्या रुग्णाचे जठर भरल्या पोटी अडले. उपाशी जठराचे काय झाले हे तेव्हा कुणी विचारले नव्हते. दोन्ही पक्षांचा पुरावा खरा होता. तो वेगवेगळ्या वेळचा आणि वेगवेगळ्या नसांचा होता. बाहेरून येणारी नस, भिंतीतले जाळे आणि रक्तातली संप्रेरके हे तीन स्वतंत्र मालक नाहीत. पोट भरलेले आहे की रिकामे, आणि रिकामे असेल तर कितव्या टप्प्यात आहे, यावर त्यांचा वाटा ठरतो. हे बोलून दाखवायला सोपे आहे. दाखवायला मात्र असा प्राणी लागला ज्यात तिन्ही हजर आहेत आणि जो मुठीत मावतो. कुत्र्यात तिन्ही होते, पण कुत्र्यावर हे सगळे इतक्या बारकाईने करणे कठीण; उंदरात हे सोपे होते, पण तिघांतला एक नव्हता.

चिचुंद्रीच्या विरोधात बोलण्यासारखे बरेच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ती कीटक खाते, तिच्या आतड्याला अंधांत्र नाही, तिचा चयापचय जलद आहे, ती फार वेळ उपाशी राहू शकत नाही. इतके भराभर खाणाऱ्या प्राण्याला उपाशीपोटीची आवर्तने हवीतच कशाला, असे कुणी विचारील. मला वाटते, तिच्या खाण्यातच त्याचे उत्तर असावे. झुरळाचे पंख, पाय, कवच यांतला बराच भाग पचायला कठीण. असे तुकडे जठरात साचू द्यायचे नसतील तर जोरकस झाडलोट तिलाच जास्त लागेल. हा माझा तर्क आहे, प्रयोग नव्हे. दुसरा आक्षेप असा की उंदीर मोटिलिनशिवाय उत्तम जगतो, तेव्हा मोटिलिनला इतके डोक्यावर घेण्याचे कारण नाही. रॅटला पित्ताशयही नसते आणि तो जगतो. म्हणून माणसाच्या पित्ताशयात खडे झाल्यावर डॉक्टर रॅटकडे पाहत नाहीत. एखादे काम दुसऱ्या मार्गाने निभावता येते यावरून पहिला मार्ग जिथे आहे तिथे तो बिनकामाचा ठरत नाही. तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. माउसमध्ये जनुके हवी तशी बंद-चालू करण्याची जी साधने आहेत ती चिचुंद्रीसाठी जवळपास नाहीत, आणि तिच्या जठरावरचे बरेचसे काम एकाच विद्यापीठाच्या एका गटाचे आहे. दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या देशात ते पुन्हा व्हायला हवे. ज्या देशाच्या प्रत्येक शहरात हा प्राणी मोरीत फिरतो तिथे ते झाले तर ते फारच योग्य होईल.

हा वाद निव्वळ अभ्यासकांचा नाही, हे औषधांच्या इतिहासावरून दिसते. एरिथ्रोमायसिन १९५० च्या दशकापासून संसर्गावर दिले जाते, आणि ते घेतल्यावर पोटात कळा येतात ही तक्रार तितकीच जुनी आहे. इतोह यांनी १९८० च्या दशकात कुत्र्यात दाखवले की या गोळीमुळे तिसऱ्या टप्प्यासारखी आकुंचने येतात; पुढे कळले की ती मोटिलिनच्याच ग्राहकावर जाऊन बसते. १९९० मध्ये मधुमेहामुळे जठर मंदावलेल्या रुग्णांत तिने जठर लवकर रिकामे होते हे सिद्ध झाले. हे सगळे फक्त उंदरांवर तपासले असते तर कळांचे कारणही कळले नसते आणि उपयोगही. ठाणे-कल्याणातल्या कुठल्याही मधुमेहाच्या दवाखान्यात बसलेल्या रुग्णांपैकी ज्यांना दोन घास खाल्ल्यावर पोट गच्च होते, दुपारचे जेवण रात्रीपर्यंत वर येत राहते, त्यांच्यापैकी काहींची व्हेगस नस साखरेने जायबंदी केलेली असते. त्यांच्या जठराला कोणत्या रस्त्याने हाक मारता येईल, हा प्रश्न त्या नसेवाचून चालू राहणाऱ्या चिचुंद्रीच्या तिसऱ्या टप्प्याशी थेट जोडलेला आहे. दुसरे उदाहरण आजचे. २०२५ मध्ये वजन कमी करणारी मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शने भारतात आली. दोन्ही आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतात, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात आणि अनेकांना मळमळ, उलटी देतात. उंदराला उलटी होत नसल्याने त्याची मळमळ मोजायची तर तो चिकणमाती किती खातो हे पाहावे लागते. चिचुंद्री उलटी करते. हाँगकाँगमध्ये जॉन रड यांच्या गटाने याच वर्गातले एक द्रव्य तिला देऊन उलटी आणि जठराच्या हालचाली यांचा अभ्यास केला आहे.

सर्वांत अवघड आक्षेप प्राण्यांना होणाऱ्या त्रासाचा आहे. त्याला 'माणसाचा फायदा होतो' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. प्राण्याची निवड चुकली की त्रास वायाही जातो, हे मात्र त्या आक्षेपाच्याच बाजूचे म्हणणे आहे. ज्या प्राण्यात मोटिलिन नाही त्याच्यावर मोटिलिनच्या औषधाचे प्रयोग करणे ही शास्त्राची आणि करुणेची दोन्हींची चूक आहे. आपल्याकडे १९६० च्या कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे आणि कॉलेजांतली शवविच्छेदने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनांनंतर जवळपास बंद झाली आहेत, हे चांगलेच आहे. हा विषय समजून घ्यायला ठाण्याच्या बांदोडकर, कल्याणच्या बिर्ला किंवा डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला एकही चिचुंद्री मारावी लागणार नाही. प्रसिद्ध झालेल्या आलेखांवर पट्टी ठेवून टप्पे मोजता येतात, दोन प्राण्यांचे आलेख शेजारी ठेवून फरक काढता येतो, आणि घरातली जिवंत चिचुंद्री काय खाते हे रात्री टॉर्चच्या मंद उजेडात पाहता येते.

वाचकाला एकच विनंती आहे. पुढच्या पानांत जिथे जिथे जठर असे वागते, तसे वागते असे वाक्य येईल, तिथे समासात पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: प्राणी कोणता, त्याचे पोट भरलेले होते की रिकामे, आणि व्हेगस नस शाबूत होती की कापलेली. ज्या वाक्यापुढे या तीनपैकी एकही जागा भरता येत नसेल, ते वाक्य माणसाच्या जठराविषयी आहे असे मानू नका.